आतल्या कपड्याची वाटचाल

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी कापडखरेदीची यादी होते. तिचा क्रम गेल्या वीस वर्षांत बदललेला नाही. पहिला मान लेकीच्या नव्या पोशाखाचा, मग गृहिणीची साडी, मग चिरंजीवांचा सदरा, मग जागा उरलीच तर आमचा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'इतर' असा एक शब्द. या 'इतर'मध्ये काय येते ते घरातील सर्वांना ठाऊक असते, पण ते कोणी लिहीत नाही, उच्चारतही नाही. दुकानात गेल्यावर साडी काउंटरवर उलगडून, उजेडात धरून, पदर खांद्यावर टाकून पाहिली जाते. 'इतर' मात्र मालकाला हलक्या आवाजात माप सांगून घ्यायचे आणि कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी टाकायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या कपड्यांना कुंकू लागते, तेव्हाही हे बापडे त्या पंक्तीत नसतात.

या 'इतर'चाच इतिहास आज सांगायला बसलो आहे. सणासुदीच्या अंकात हा कसला विषय, म्हणून एखाद्या वाचकाच्या कपाळावर आठी उमटेल. माझ्याही उमटली असती. पण काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि या विषयाकडे हसून पाहण्याचा माझा हक्क गेला.

आमच्या शाळेच्या नववीच्या मुलांना घेऊन मी राजगड-तोरणा केला. श्रावण सरत आला होता. पाऊस एकसारखा नव्हता, पण अंग वाळू देत नव्हता. गुंजवण्याहून राजगड चढलो, पद्मावतीच्या देवळात रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरून तोरण्याची धार धरली. दुपारपर्यंत सगळे ठीक होते. मग एक मुलगा मागे पडू लागला. अंगाने धट्टाकट्टा, कबड्डीत पुढे असणारा. त्याला कसे चालायचे तेच जणू समजत नव्हते; पाय फाकवून, बदकासारखा, प्रत्येक पावलाला ओठ चावत तो येत होता. "काय झालं?" असे विचारले की "काही नाही सर." बुधला माचीच्या चढावर तो खालीच बसला. मी त्याला बोललो. चार मुलांदेखत बोललो. आळशी म्हटले, आणखीही काही म्हटले असेन. तो उठला नि चालू लागला.

संध्याकाळी वेल्ह्याला एका घराच्या ओसरीवर टेकलो. घरातल्या म्हातारीने त्या मुलाकडे एकदा पाहिले, त्याला आत नेले, आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन मला म्हणाली, "आवं मास्तर, पोराच्या मांड्या सोलून निघाल्यात की. रगत आलंय. त्याला आळशी काय म्हणताय?" जाड जीनची विजार, आत सुती चड्डी, तिची मांडीला बसणारी जाड शिवण, आणि दोन दिवसांचे ओले अंग. दहा तास ती शिवण करवतीसारखी चालली होती. म्हातारीने कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लावले, जुन्या धोतराचा एक मऊ पट्टा फाडून दिला. मुलगा रात्रभर पालथा झोपला. त्याने मला सांगितले का नाही? कारण ते सांगण्यासारखे नव्हते. जे यादीत लिहीत नाहीत ते तोंडाने कसे बोलायचे!

त्या दिवसापासून, चालणाऱ्या माणसाने आत काय नेसावे या प्रश्नाने मला पछाडले. मराठी शिकवणारा माणूस मी. सवयीने जुन्या कागदांकडे गेलो. आणि थक्क झालो. राजे-महाराजांच्या इतिहासात ज्याला ओळही नाही, त्या वस्त्रावाचून माणूस एक डोंगर ओलांडू शकलेला नाही.

१९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर, तीन हजार दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर बर्फात एक प्रेत सापडले. लोकांना वाटले, एखादा गिर्यारोहक असेल. तो निघाला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. ज्या खोऱ्याजवळ सापडला त्यावरून त्याला 'एत्सी' असे लाडके नाव मिळाले. त्याचे चामडी पायमोजे दोन वेगवेगळ्या नळ्यांसारखे होते आणि कमरपट्ट्याला बांधलेले होते. म्हणजे मधला भाग उघडाच. तिथे काय? तर कातड्याचा एक लांब पट्टा, सुमारे मीटरभर लांब आणि फूटभर रुंद, पायांमधून घेऊन पुढे-मागे कमरपट्ट्यात खोचलेला. २०१६ साली त्या कातड्याची आनुवंशिक तपासणी झाली. ते मेंढीचे निघाले. पायमोजे मात्र बकरीचे. माणसाला तेव्हाही कळत होते की पायाला एक कातडे चालेल आणि नाजूक जागेला दुसरे लागेल! वाचकहो, ती नेसण्याची तऱ्हा पुन्हा एकदा वाचा. ही आपली लंगोटीच झाली. वारणेच्या काठावरचा पैलवान आणि आल्प्सच्या बर्फातला तो वाटसरू यांच्यात कातडे नि कापड एवढाच काय तो फरक.

मला त्याहूनही जवळची वाटली ती इंग्लंडच्या उत्तर टोकाला सापडलेली एक चिठ्ठी. तिथे रोमन साम्राज्याची सरहद्द होती आणि विंडोलांडा नावाच्या ठाण्यावर शिपाई पहारा देत. इसवी सन १००च्या आसपासची ही गोष्ट. १९७३ साली तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या, त्यांवर शाईने लिहिलेली पत्रे. मोठमोठ्या लढायांचे वर्णन त्यांत असावे अशी कोणाचीही अपेक्षा. पण पहिल्या-पहिल्या सापडलेल्या चकत्यांपैकी एकीवर काय होते? कोणी तरी कोणाला तरी कळवीत आहे की तुला मोजे पाठविले आहेत, चपलांचे जोड पाठविले आहेत, आणि आतल्या चड्ड्या दोन.

पाठविणाऱ्याचे नाव त्या तुकड्यावर उरलेले नाही. आई असेल, भाऊ असेल, गावाकडचा स्नेही असेल. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे समजायला नाव लागत नाही. पोरगा लांब गेला आहे, तिकडे थंडी आहे, पाऊस आहे, दिवसभर चालावे लागते. साम्राज्य त्याला ढाल देईल, तलवार देईल, चड्डीचे काय? ती घरूनच जायला हवी. साताऱ्याच्या एखाद्या गावातून सरहद्दीवरच्या जवानाला चिवड्याचा डबा नि दोन बनियने धाडणारी माउली आणि ही दोन हजार वर्षांपूर्वीची चकती यांत मला काही अंतर दिसत नाही. आणि संख्या पाहा: दोन. एक अंगावर, एक वाळत. लांब चालणारे शहाणे लोक आजही दोनच नेतात, फार तर तीन.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे या वस्त्राला लाज नव्हती, उलट मान होता. मुंजीत बटूला जी पहिली वस्तू मिळते ती लंगोटी. ती नेसल्याशिवाय विद्येचा आरंभ नाही, आणि विद्येसाठी घर सोडून चालत जाणेही नाही. समर्थांच्या तसबिरीत अंगावर दुसरे काय असते? लहानपणापासूनचा सोबती तो 'लंगोटीयार'. एवढी जवळीक सांगायला भाषेला दुसरे वस्त्र सापडले नाही. शिखांच्या पाच ककारांत कच्छेरा आहे. १६९९ साली आनंदपूरला खालसाची स्थापना झाली तेव्हापासून ते गुडघ्यापर्यंतचे शिवलेले अंतर्वस्त्र धर्माचे चिन्ह झाले. घोड्यावर मांड टाकायला आणि झटकन उठून धावायला ते सोयीचे, हा त्यातला व्यवहारही लपलेला नाही.

लंगोटीचे मर्म असे की तिला शिवण नाही. जिथे शिवण नाही तिथे काच नाही. कापड एकेरी, पातळ, ओढ्यात पिळून झुडपावर टाकले की विडीच्या दोन झुरक्यांत वाळणार. पण तिच्यात एक उणीव आहे: ती मांड्यांना झाकत नाही. चालणाऱ्याच्या मांड्या एकमेकींना घासतात त्या घासतातच. ही उणीव धोतराने भरून काढली. धोतराचा काचा पायांमधून मागे जातो आणि दोन मांड्यांच्या मध्ये मऊ कापडाचा पडदा उभा राहतो. आणि स्त्रियांच्या नऊवारीचा कासोटा म्हणजे तर या विद्येचा कळसच. शेतात लावणी करणारी, डोक्यावर पाटी घेऊन घाट चढणारी बाई आत काही शिवलेले न घालता दिवसभर चालते आणि तिला काच पडत नाही, याचे कारण ते कापड तिच्याबरोबर हलते. अंगावर अडून बसत नाही. पाचवी-सहावारी गोल साडी आली आणि आत परकराची नाडी आली, तेव्हा आमच्या आत्याने केलेली तक्रार मला आठवते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर ती माउलींच्या पालखीबरोबर चालत असे. सुनेने हौसेने घेतलेली सहावारी तिने दिव्याघाटाच्या पायथ्याशीच बोचक्यात घातली. म्हणाली, "ही देवळात मिरवायला. चालायला आपलं लुगडंच."

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते मध्य हिंदुस्थानच्या धुमाळीत सापडले, लुटले गेले, आणि तरी गंगेची कावड घेऊन परत आले. 'माझा प्रवास' वाचताना आपण झाशीच्या राणीसाठी पाने उलटतो. पण हा मनुष्य शेकडो कोस पायी चालला, आणि बंडाच्या दिवसांत अंगावरच्या वस्त्राखेरीज जवळ काही उरत नाही अशी वेळ त्याच्यावर आली, हे ध्यानात ठेवून ते पुस्तक पुन्हा वाचून पाहावे. धोतर-पंचा ही त्या चालीची खरी साधने होती. पुढे १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत २४१ मैल चालत गेलेल्या साठ वर्षांच्या गांधीजींनी नऊ वर्षे आधी मदुराईत मोठे धोतर सोडून आखूड पंचा धरला होता. त्यामागचा हेतू वेगळा, दरिद्री माणसाशी एकरूप होण्याचा. पण चोवीस दिवसांच्या त्या चालीला तो पोशाख आडवा आला नाही, एवढे शिक्षकाच्या नजरेने टिपून ठेवतो. आणि आपले विनोबा तर १९५१ साली पोचमपल्लीहून निघाले ते तेरा वर्षे चालतच राहिले.

मग हे सगळे सोडून आपण शिवलेल्या चड्डीकडे का वळलो? विजार आली म्हणून. विजारीच्या आत धोतर मावत नाही. जुन्या मराठी शिपायाचा चोळणाही शिवलेला असे, नाही असे नाही. पण घराघरांत अंतर्वस्त्र शिरले ते साहेबाच्या पाटलोणीमागोमाग. शब्दच साक्ष देतात. 'जांघिया' आपला, जांघेवरून आलेला. पण 'गंजीफ्रॉक' हा ग्वर्नसी नावाच्या विलायती बेटावरून आला; तिथल्या कोळ्यांचा विणलेला अंगरखा तो. 'बनियन' त्याच्या उलट, आपल्या वाण्यावरून साहेबाने उचलला आणि आपल्यालाच परत दिला. आणि 'चड्डी'ने त्याचे उट्टे काढले: २०१९ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात तिचे इंग्रजी अनेकवचन सन्मानाने दाखल झाले.

साहेब स्वतः या देशात काय नेसत होता ही एक मोठी मौज आहे. गोऱ्या शिपायाच्या पोटाला फ्लॅनेलचा रुंद पट्टा बांधलेला असे. त्याचे नाव कॉलरा बेल्ट. पोटाला गारठा लागला की पटकी होते, अशी समजूत. लंडनच्या डॉ. स्नो यांनी १८५४ साली पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविले, कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात त्या जंतूवर शिक्कामोर्तब केले. पण पट्टा काही सुटला नाही. पहिल्या महायुद्धातही तो शिपायांच्या अंगावर होता. वैशाखाच्या उन्हात, पोटावर लोकर बांधून, कवाईत करणारा तो बिचारा टॉमी डोळ्यांपुढे आणा! साहजिकच घाम आत साठे, मग जांघेत गजकर्ण उठे. त्याला त्यांनी नाव काय दिले? 'धोबी इच', म्हणजे धोब्याची खाज. धोबी घाणेरड्या पाण्यात कपडे धुतो म्हणून ती होते, असा आरोप. वस्तुतः ती बुरशी. दमट, घट्ट, न वाळलेल्या कपड्यात वाढणारी. स्वतः ओलेत्याने हिंडायचे आणि बोल लावायचा धोब्याला.

याच सुमारास युरोपात या विषयावर एक पंथच निघाला. जर्मनीतील श्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव येगर यांनी १८८० साली मांडले की माणूस हा प्राणी, तेव्हा त्याच्या त्वचेला प्राण्यांचीच लोकर लागावी. कापूस-ताग या वनस्पती, त्या शरीरातील विषे कोंडून ठेवतात. १८८४ साली लंडनला त्यांच्या नावाने लोकरी कपड्यांची कंपनी निघाली, आणि नाटककार बर्नार्ड शॉ तो लोकरी पोशाख घालून रस्त्यांतून फिरू लागले. लोक हसले. येगरचा सिद्धांत चुकीचाच होता, विष वगैरे काही नसते. पण थंड प्रदेशात चालणाऱ्याला त्यांनी दिलेला सल्ला मात्र बरोबर निघाला. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी पोटात घेते आणि तरी ओलीचिंब लागत नाही. कापूस पाणी पितो, अंगाला चिकटतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. चुकीच्या वाटेने योग्य गावी पोचल्याचे असे उदाहरण विरळा.

स्त्रियांची कथा आणखी करुण. लंडनमध्ये १८८१ साली 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. तिची मागणी काय असावी? तर बाईच्या आतल्या कपड्यांचे एकंदर वजन सात पौंडांपेक्षा जास्त नसावे! सात पौंड म्हणजे सव्वातीन किलो. ही त्यांची सुधारकी मर्यादा. तर मग सनातनी वजन काय असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. माझ्या आत्याचे अख्खे लुगडे तरी तेवढे भरले असते का, कोण जाणे.

परंतु या इतिहासातले सर्वांत भयंकर पान दक्षिण ध्रुवाजवळचे आहे. १९११ सालचा जून महिना. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे जण, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड, पेंग्विनची अंडी आणण्यासाठी ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात, केप क्रोझियरकडे निघाले. जाण्याचे अंतर ६७ मैल. आपल्या वारकऱ्याला चार-पाच दिवसांचे. त्यांना ये-जा करायला पाच आठवडे लागले. पारा एकदा शून्याखाली ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरला. अंगावर लोकरीचे कपडे होते, वर वारा न शिरणारे कापड होते. शत्रू बाहेर होता असे आपल्याला वाटते. खरा शत्रू आत होता: घाम. गाड्या ओढताना आलेला घाम लोकरीत जाई, लोकरीतून पुढे सरके आणि बाहेर पडण्याआधीच गोठे. चेरी-गॅरार्ड सांगतो की एका सकाळी तंबूबाहेर येऊन त्याने सभोवार पाहण्यासाठी मान वर केली, आणि मान खाली घेता येईना; उभ्या उभ्या, पंधराएक सेकंदांत, कपडे चिलखतासारखे कडक झाले होते. चार तास त्याने तशीच मान वर ठेवून गाडी ओढली. त्यानंतर ते तंबूतून बाहेर येताच ओढण्यासाठी वाकून उभे राहत, म्हणजे गोठायचे तर त्या आकारात गोठावे! झोपण्याच्या पिशव्यांतही हाच घाम. निघताना चेरी-गॅरार्डची पिशवी आतल्या पिसांच्या अस्तरासह अठरा पौंडांची होती, परतताना पंचेचाळीस. सत्तावीस पौंड बर्फ. स्वतःच्याच अंगातून निघालेला. तिघेही जिवंत परतले, तीन अंडी घेऊन. त्यांतले दोघे पुढच्या वर्षी स्कॉटबरोबर ध्रुवावरून येताना गेले. उरलेल्या एकाने १९२२ साली ते पुस्तक लिहिले.

तेव्हा ऊब धरून ठेवणे ही अर्धीच विद्या. घाम बाहेर घालविणे ही दुसरी अर्धी. ती सुचली नॉर्वेच्या हेन्रिक ब्रून या लष्करी अधिकाऱ्याला, १९३३ साली. त्याने काय केले असेल? कोळ्यांची हेरिंग मासे धरायची जुनी जाळी घेतली आणि तिची बंडी शिवली. भोकांचीच बंडी! घरच्यांना तो वेडा वाटला असेल. पण भोकांत हवा अडते, ती ऊब देते. आणि जाळीचा दोरा अंगाला जेमतेम टेकतो, म्हणून घामाला वर निघून जायला वाट मिळते. १९५३ साली एव्हरेस्ट चढणाऱ्या मोहिमेच्या सामानात ही जाळीची बंडी होती. आमच्या मुंबईच्या कोळीवाड्यांत इतकी जाळी पडलेली असतात. पण आपल्याला उकाडाच इतका, की ही युक्ती सुचण्याची गरज पडली नाही.

एव्हरेस्टवरून मॅलरीची आठवण होते. १९२४ साली तो आणि अर्व्हिन शिखराजवळच्या ढगात नाहीसे झाले. १९९९ साली मॅलरीचा देह ८१०० मीटरांच्या वर सापडला, आणि ओळख कशावरून पटली? सदऱ्याच्या कॉलरवर शिवलेल्या नावाच्या पट्टीवरून. आपण वसतिगृहात मुलांच्या कपड्यांवर नाव घालतो ना, तसे. त्या चिंध्यांचा अभ्यास करून २००६ साली हुबेहूब पोशाख तयार केला गेला आणि तो एव्हरेस्टवर घालूनही पाहिला. जुन्या फोटोंत पाहून 'हे सहलीला आल्यासारखे कपडे' म्हणून लोक हसत. पण त्या पोशाखात लोकर आणि रेशीम यांचे थर होते. रेशमावरून लोकर घसरे, म्हणून चालताना थर एकमेकांत अडकत नसत आणि अंगही काचत नसे. शंभर वर्षांपूर्वीचे ते शहाणपण हलके होते नि उबदारही होते.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगतो, कारण तो कारखान्यांचा आहे. १८७४ साली शिकागोच्या एका कंपनीने बॉस्टनच्या खडबडीत दगडी रस्त्यांवरून सायकली हाकणाऱ्यांसाठी आधाराचा पट्टा काढला; तो आपल्या पैलवानी लंगोटाचाच रबरी अवतार. १९३५ साली त्याच शिकागोत, हिमवादळाच्या दिवशी, मांडी नसलेली आखूड चड्डी प्रथम विक्रीला मांडली आणि ती पाहता पाहता संपली. हीच आज आपण सर्रास वापरतो. शहरात बसून काम करायला ती उत्तम. पण तिच्या कडेची शिवण नेमकी जांघेत येते, आणि लांब चालणाऱ्याचा घात तिथेच होतो. १९५८ साली लायक्राचा शोध लागला, तेव्हा कापड ताणले जाऊन पुन्हा जागेवर येऊ लागले. पॉलिप्रॉपिलीन नावाचा धागा पाणी अजिबात पीत नाही. त्याचे आतले कपडे १९८० साली अमेरिकन गिर्यारोहक यव्हाँ श्विनार्डच्या कंपनीने डोंगरात नेले. घाम जातो खरा, पण वास राहतो. तीन दिवसांनी तंबूत सोबत्यांचे तोंड फिरते. म्हणून कित्येक जण पुन्हा लोकरीकडे वळले, मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीकडे. एत्सीची मेंढी पाच हजार वर्षांनी परत आली म्हणायची.

आता कोणी विचारील, एवढे वाचून तू मुलांना सांगतोस काय? सांगतो ते साधेच आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात सुती चड्डी आणि जीन घालून येऊ नये. चड्डी अर्ध्या मांडीपर्यंत येणारी असावी, अंगाला लागून बसणारी, पण कमरेला वळ न उठविणारी. म्हणजे मांडीला मांडी न घासता कापडाला कापड घासते. जुन्या धोतराने केले तेच हे. आतली बाजू उलटी करून शिवणीवरून बोट फिरवावे. बोटाला टोचली तर मांडीला करवत होणार. नवी कोरी चड्डी थेट गडावर आणू नये, आधी दोनदा धुऊन गावातल्या टेकडीवर चालून पाहावी. दोन आणाव्यात, रात्री कोरडी घालावी, दिवसाची धुऊन मीठ काढावे. कारण वाळलेल्या घामाचे मीठ हेही कानशीसारखे काम करते. निघण्यापूर्वी जांघेत खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. आणि जरा चुरचुरले की तेव्हाच सांगावे, संध्याकाळपर्यंत थांबू नये. हे शेवटचे मी चारचारदा सांगतो, आणि सांगताना त्या मुलाची पाठ डोळ्यांपुढे येते. तो आता मोठा झाला आहे, डोंगरात जातो, मला भेटला की हसतो. मी अजून त्याच्याकडे त्या दिवसाविषयी काही बोललेलो नाही.

गेल्या वर्षी सहलीच्या सूचनापत्रकात पहिल्याच ओळीवर मी हे सर्व छापून दिले. पाण्याची बाटली दुसऱ्या क्रमांकावर. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. गावातले प्रतिष्ठित गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ. पत्रक माझ्यापुढे टेबलावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे काय लिहिलंय? लेकीबाळींच्या हातात द्यायचा कागद आहे हा?" मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि वेल्ह्याची हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, पत्रक घडी करून खिशात ठेवले, दारापर्यंत गेले आणि परत आले. इकडेतिकडे पाहून, दुकानात माप सांगतात तेवढ्याच हलक्या आवाजात म्हणाले,

"गुरुजी, यंदा आषाढात पहिल्यांदाच वारीला निघतोय. साखर आहे मला, जखम लवकर भरत नाही. मी कोणती घेऊ?"